तीनशे चारला ऊन हवंय

आपल्याला उन्हाची गरज आहे हे पराग तळवडेकरला सदतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही कागदावर लिहून मिळालं. तोवर ऊन ही छत्रीने अडवायची वस्तू आहे, एवढीच त्याची आणि उन्हाची ओळख होती.

कागद डॉक्टर संपदांचा होता. पराग आणि क्षितिजाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं, म्हणून दोघांच्या तपासण्या झाल्या. बाकीचे रिपोर्ट बरे निघाले, पण ड जीवनसत्त्वाचा आकडा दोघांचाही एवढा खाली होता की डॉक्टरांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. क्षितिजाला फोलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. परागला जस्ताची गोळी आणि एक लांबलचक नावाची कॅप्सूल दिली, आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एकेक पुडी दोघांनाही.

"या गोळ्यांनी मूल होतं असं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शरीराला जे कमी पडतंय ते आधी भरून काढू. आणि नुसत्या पुडीवर राहू नका. रोज अकरा ते एकच्या मध्ये वीस मिनिटं दोघंही उन्हात बसा. हातपाय उघडे ठेवून."

गोळ्यांबद्दल परागची तक्रार नव्हती. गोळ्या लपवता येतात. त्याने त्या साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवल्या, कारण साबुदाणा त्यांच्या घरी आषाढीखेरीज कोणी हलवत नसे. तो विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. दिवसभर लोकांच्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि 'कारण अपूर्ण' असा शेरा मारून ते परत पाठवायचे, हे त्याचं काम. ज्याने हजारो माणसांचे मूळव्याध आणि मूतखडे वाचलेत, त्याला आपला एक कागद कोणी वाचू नये असं वाटणं साहजिक आहे. आईला सांगायचं नाही, मित्रांना नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच, असं त्याने क्षितिजाकडून कबूल करून घेतलं होतं. क्षितिजा भाईंदर पश्चिमेच्या शाळेत गणित शिकवायची. सिद्ध न होणाऱ्या गोष्टींवर वाद घालायचा नाही हा तिचा नियम असल्यामुळे ती हो म्हणाली.

पण ऊन लपवता येत नाही. मुळात ते असावं लागतं.

त्यांची सोसायटी भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात होती आणि तिचं नाव होतं 'शीतल छाया'. बांधणाऱ्याने ते सहज ठेवलं असेल, पण नंतर समोर, मागे आणि डावीकडे वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या आणि सोसायटी नावाला जागली. तिसऱ्या मजल्यावरच्या तीनशे चार क्रमांकाच्या घरात ऊन यायचं ते स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, दोन टॉवरांच्या फटीतून, बारा वाजून वीस मिनिटांनी, अकरा मिनिटं. आणि पडायचं नेमकं वॉशिंग मशीनवर.

तेव्हा ते वॉशिंग मशीनवर बसू लागले. क्षितिजाची शाळा सकाळची, ती सव्वाबाराला घरी यायची. पराग त्या महिन्यांत घरूनच काम करत होता. पहिली साडेपाच मिनिटं ती, उरलेली साडेपाच तो, हाफ पँट आणि बनियनवर, मांडी घालून. समोरच्या टॉवरमधल्या एका बाईंनी पहिल्या दिवशी खिडकी लावून घेतली, दुसऱ्या दिवशी पडदा आणला. चौथ्या दिवशी मशीनचं झाकण मधोमध खचलं. दुरुस्तीवाल्याने विचारलं, साहेब, यावर काय पडलं? पराग म्हणाला, कुकर. दुरुस्तीवाल्याने खड्ड्याचा आकार पाहिला, परागकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुढे काही विचारलं नाही.

मग बाग. सोसायटीच्या बागेत एक बाक होता, त्याच्या अर्ध्या भागावर साडेबाराला ऊन यायचं. बाकाच्या सावलीतल्या अर्ध्या भागावर ज्येष्ठ नागरिक बसायचे. भरदुपारी धडधाकट माणूस रोज येऊन नुसता बसून राहतो याचा अर्थ त्यांनी दोन दिवसांत लावला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परागला तीन नोकऱ्यांच्या जाहिराती आल्या, आणि समोरच्या घरातले भावेशभाई, ज्यांचं भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, ते दारात उभे राहून खाली बघत म्हणाले की हिशेबाला एक भरवशाचा माणूस हवाच आहे, नवीन मिळेपर्यंत येऊन बसायला हरकत नाही. परागला धड रागावता येईना आणि धड खरं सांगता येईना. नोकरी आहे, असं तो म्हणाला. भावेशभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो हो, असंच म्हणायचं, असा तो हात होता.

उरली गच्ची. बाराव्या मजल्यावरची मोकळी गच्ची, भरदुपारी थेट डोक्यावर ऊन, आणि दाराला कुलूप. कारण पाच वर्षांपूर्वी कोणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांवरून कोणीतरी चालत गेलं होतं आणि सर्वसाधारण सभेने ठराव करून गच्ची बंद केली होती. किल्ली सचिव हरिश्चंद्र पाणंदे यांच्याकडे. पाणंदेकाका वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी तागड्या तपासल्या होत्या आणि त्यांच्या नजरेतून अर्ध्या ग्रॅमचीही खोट सुटत नसे. शिवाय नाव हरिश्चंद्र. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, हे ते कोणी न विचारता सांगत.

त्यांनी परागला अर्जाचा नमुना दिला. नमुन्यात 'कारण' असा रकाना होता. परागने लिहिलं, 'वैयक्तिक'. अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'कारण अपूर्ण'. बारा वर्षं जो शेरा त्याने जगाला दिला, तो आपल्याला मिळाल्यावर कसा लागतो हे परागला त्या दिवशी कळलं. त्याने 'वैद्यकीय' असं लिहून अर्ज परत दिला. शेरा आला, 'दाखला जोडावा'. डॉक्टर संपदांनी हसत दाखला दिला, पण तो त्यांच्या छापील कागदावर, आणि त्या कागदाच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'वंध्यत्व उपचार केंद्र' होतं. परागने वरचा भाग दुमडून झेरॉक्स काढली. पाणंदेकाकांनी झेरॉक्स उजेडाकडे धरली आणि मूळ प्रत मागितली.

मूळ प्रत त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी चष्मा काढला आणि ही गोष्ट माझ्यापाशीच राहील, असा शब्द दिला. शब्द त्यांनी पाळलाही. पण ठराव मोडायचा तर सभा घ्यायला हवी, सभा घ्यायची तर विषयपत्रिका लावायला हवी, आणि विषयपत्रिकेत खोटं लिहायचं नाही, दिलेला शब्दही मोडायचा नाही, अशा कात्रीतून त्यांनी रात्रभर विचार करून वाट काढली. सकाळी लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली. विषय क्रमांक चार असा होता: 'सदनिका क्र. ३०४ मधील दांपत्यास गोपनीय कारणास्तव रोज दुपारी साडेबारा ते एक या वेळेत गच्ची एकांतात वापरण्यास देणेबाबत.'

परागने ती सूचना भाजी घेऊन येताना वाचली. लिफ्ट आली, उघडली, बंद झाली, निघून गेली. तो जिन्याने वर गेला. मध्ये भेटलेल्या प्रत्येक माणसाने भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. घरी येऊन त्याने क्षितिजाला सांगितलं की आपण घर विकून वसई-विरारच्याही पलीकडे जाऊ. क्षितिजा सोफ्यावर आडवी पडून हसत राहिली. हसता हसता ती मध्येच थांबली आणि तिने तोंड उशीत घातलं. मग पराग तिच्याजवळ जाऊन बसला आणि घर विकायचं बोलला नाही.

एरवी सभेला अकरा माणसं येत, त्यातली चार चहासाठी. त्या रविवारी खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पाण्याची टाकी, लिफ्टची देखभाल आणि कुत्र्यांचा उपद्रव हे पहिले तीन विषय, ज्यांवर गेली कित्येक वर्षं भांडणं होत होती, ते एकूण चार मिनिटांत मंजूर झाले. पाणंदेकाकांनी घसा साफ करून विषय क्रमांक चार वाचला. मागून कोणीतरी विचारलं, कारण गोपनीय का? काका म्हणाले, गोपनीय असल्यामुळे. कोणीतरी म्हणालं, इमारतीत मुलंबाळं आहेत. परागने निवेदन लिहून आणलं होतं, त्यात 'अपरिहार्य आरोग्यविषयक बाबी' असे शब्द होते. तो उठणार तोच क्षितिजा उठली.

"गोपनीय काही नाहीये," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, आम्हाला मूल हवंय आणि होत नाहीये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि उन्हात बसायला सांगितलंय. आमच्या घरात ऊन येत नाही. म्हणून गच्ची हवीये. कपडे घालूनच बसणार आहोत."

परागला वाटलं की आता जमीन दुभंगून आपल्याला घेईल तर बरं. जमीन दुभंगली नाही. त्याऐवजी भावेशभाईंच्या पत्नी हेमांगीबेन हात वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एमां मीटिंग शेना माटे? यात मीटिंग कशाला, किल्ली देऊन टाका ना." पाणंदेकाकांनी मतदान घेतलं. सोसायटी नोंदली गेल्यापासून एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव.

हा झाला सुखाचा भाग. आता परागच्या पोटाचं काय झालं ते सांगायला हवं.

सभा संपताच सल्ले सुरू झाले. इमारतीत मूल झालेली माणसं पुष्कळ होती आणि आपल्याला ते नेमकं कशामुळे झालं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हेमांगीबेनच्या नणंदेला आठ वर्षांनी झालं ते रात्री भिजवलेल्या अंजिरांनी. सातव्या मजल्यावर शतावरीच्या कल्पाने झालं होतं, नवव्यावर अश्वगंधेच्या चूर्णाने, आणि दहाव्यावरच्या जुळ्यांचं श्रेय भोपळ्याच्या बियांना होतं. भावेशभाईंनी अहमदाबादहून चुलतभावाच्या कारखान्याची एक पावडर मागवली. तिच्या डब्यावर सिंह होता. आठवड्याभरात तीनशे चारच्या फ्रिजवर चौदा डबे आणि बरण्या उभ्या राहिल्या, आणि साबुदाण्याच्या मागे लपवलेल्या गोळ्यांना मोकळी हवा मिळाली.

क्षितिजाने बरण्यांचे आभार मानले आणि त्या उघडल्या नाहीत. पराग भिडस्त. लिफ्टमध्ये माणूस विचारतो, घेतलंत का? त्याला नाही म्हणवेना, आणि हो म्हणून न घेणं बरं वाटेना. त्यामुळे तो सगळंच घेऊ लागला. सकाळी अंजीर आणि बदाम, मग चूर्ण, मग बिया, मग सिंह. दहाव्या दिवशी त्याचं पोट असं बिघडलं की ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमधून तो तीनदा न सांगता उठून गेला. डॉक्टर संपदांनी चौदा वस्तूंची यादी मागवली, एकेक लेबल वाचलं, आणि सांगितलं की नुसतं जस्तच हा माणूस तिप्पट खातोय आणि सिंहवाल्या डब्यात काय आहे ते बहुधा सिंहालाही माहीत नसेल. सगळं बंद. लिहून दिलंय तेवढंच, आणि रोजचं साधं जेवण.

दिलेलं परत कसं करायचं या विचाराने पराग दोन दिवस लिफ्टमध्ये चढला नाही. शेवटी त्याने धीर करून हेमांगीबेनना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की डॉक्टरने ढोकळ्याला तर नाही म्हटलं नाही ना. ढोकळा कागदावर नव्हता. तेव्हापासून डबे येणं थांबलं आणि ताटं येऊ लागली.

गच्चीवरचा एकांत मात्र बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी भावेशभाई खुर्ची घेऊन वर आले. त्यांनी सहज म्हणून आपलं रक्त तपासलं होतं आणि त्यांचा आकडा परागपेक्षाही दोनाने कमी आला होता. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की परागला आपला काहीतरी मान गेल्यासारखं वाटलं. मग पार्किंगमध्ये तपासणीचं शिबिर झालं. शीतल छायेत बहुतेक सगळ्यांचीच उन्हाची बोंब निघाली. संक्रांतीपर्यंत साडेबाराला गच्चीवर लग्नाच्या पंगतीएवढी माणसं जमू लागली. सतरंज्या आल्या, भेळ आली. एका आजोबांनी ऊन लागतं म्हणून छत्री आणली आणि तिच्यावरून वाद झाला.

सगळे प्रेमाने वागत. मधली दोन खुर्च्यांची जागा यांच्यासाठी राखलेली असे. पण महिना उलटला की सगळ्यांचे डोळे तेवढं एकच विचारत, आणि तोंडाने कोणी विचारत नसे ते अधिक जड जाई. फेब्रुवारीत क्षितिजाला चार दिवस उशीर झाला. पाचव्या दिवशी ती शाळेतून आली, बाथरूममध्ये गेली, बाहेर आली आणि म्हणाली की आज मी वर येत नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. आठवडाभर गेली नाही.

शुक्रवारी फाटकाशी रखमाबाई बसायच्या, मासळीची पाटी घेऊन. त्या भाईंदरजवळच्या गावातल्या, जुन्या आगरी घरातल्या. त्यांची पूर्वी मिठागरं होती, एक तुकडा अजून चालू होता आणि त्यांचा भाऊ बाळा तिथे मीठ ओढायचा. सोसायटीत चाललेलं सगळं त्यांना ठाऊक होतं, कारण सोसायटी मासळी घेताना बोलते. तीन महिन्यांत त्यांनी क्षितिजाला एकही सल्ला दिला नव्हता. त्या शुक्रवारी पापलेट कापता कापता, वर न बघता, त्या म्हणाल्या, "ऊन पायजे ना तुला? आयतवारी आमचे मिठागरावर ये नवऱ्याला घेऊन. तिथं ऊनच हाय. मानूस न्हाय."

रविवारी ते दोघं रिक्षाने गेले आणि शेवटचं अंतर बांधावरून चालत गेले. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, त्यात आभाळ, आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग. उन्हाची खाणच होती ती. वरून यायचं, पाण्यातून यायचं, मिठावरूनही यायचं. बाळाने मान हलवून त्यांना एक फळी दाखवली आणि तो आपल्या कामाला लागला. रखमाबाईंनी भाकरी, सुकटीची चटणी आणि ताकाचा तांब्या समोर ठेवला आणि त्याही बसल्या.

काही वेळाने क्षितिजाने विचारलं, मावशी, तुम्हाला मुलं किती?

"मला न्हाय झाली," रखमाबाई म्हणाल्या. "भावाची दोगं मीच मोठी केली. धाकटा आता दुबईला हाय. रोज फोन करतंय, जेवलीस का म्हनून." एवढं सांगून त्या उठल्या आणि भावाला हात द्यायला गेल्या.

क्षितिजाने ताकाचा एक घोट घेतला. मग तिने परागला विचारलं, "नाहीच झालं तर?"

परागने भाकरीचा तुकडा मोडला. त्याला वाटलं होतं की या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही, पण ते होतं.

"मला भीती होती ती लोकांना कळायची," तो म्हणाला. "आता बेव्हर्ली पार्कात सगळ्यांना कळलंय. आणि काय झालं? ढोकळा आला. नाही झालं तर नाही. तू आहेस, मी आहे. मला त्यात कमी काही वाटणार नाही, खरंच."

क्षितिजाने त्याच्या हातातला भाकरीचा उरलेला तुकडा घेतला आणि खाल्ला. ते तिचं उत्तर होतं. त्यानंतर ते दर रविवारी जात राहिले, वीस मिनिटांचे दोन-दोन तास झाले. परागचं नाक सोललं गेलं, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं की तळवडेकर, गोव्याला जाऊन आलात का?

एप्रिलच्या शेवटी चाचणीवर दोन रेघा आल्या. पराग दाव्यांच्या खात्यातला माणूस, त्याला कारण हवं होतं. पुडीने झालं, गोळ्यांनी, उन्हाने, ढोकळ्याने की मिठाने, असं त्याने डॉक्टर संपदांना विचारलं. त्या म्हणाल्या की खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि तेवढा एक रकाना तुम्ही रिकामा ठेवा. फोलिक ॲसिड मात्र चालू ठेवा.

तीन महिने कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. हे तीन महिने परागने कसे काढले ते त्यालाच माहीत. लिफ्टमध्ये तो मुद्दाम उदास चेहरा करून उभा राहायचा. तिसरा महिना संपला, सोनोग्राफी झाली, आणि त्या रविवारी सकाळी त्याने पेढ्यांचे खोके घेतले. फोनवर नाही, फलकावर नाही. ज्या इमारतीने बरण्या दिल्या तिच्या प्रत्येक घरी जाऊन आपण तोंडाने सांगायचं, असं त्याने ठरवलं. बारा मजले, मजल्यावर चार घरं. तो वरून सुरू झाला.

दहाव्यावर जुळ्यांच्या आईने तोंडावर हात ठेवला. नवव्यावरचे गृहस्थ खुर्चीतच बसले आणि पाणी मागू लागले. सातव्यावर कोणीतरी परागला कडकडून मिठी मारली, नाव त्याला आजही आठवत नाही. भावेशभाई, "काय सांगतो, खरंच?" असं तीनदा म्हणाले, आणि हेमांगीबेननी पदर डोळ्यांना लावला. एवढी आश्चर्यं वाटत वाटत पराग तळमजल्यावर पोचला तेव्हा शेवटचं खोकं उरलं होतं आणि त्याचा आवाज बसला होता. त्याने पाणंदेकाकांची बेल वाजवली.

दार उघडून काकांनी पेढ्याकडे पाहिलं आणि ते अवघडले. इकडे तिकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "तळवडेकर, मला माफ करा. बाकीच्यांना जमलं, मला जमणार नाही. मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. दोन महिने झाले."

हेमांगीबेनना क्षितिजाचा चेहरा बघूनच कळलं होतं. त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातली हिंगाची फोडणी खिडकी लावून द्यायला सुरुवात केली, मग पाचव्यावरच्यांनी स्नानघराची तोडफोड पुढच्या वर्षावर ढकलली, मग प्रत्येकाला कारण कळत गेलं. काकांनी स्वतः घरोघरी जाऊन बजावलं होतं, लेखी काहीही न देता. त्यांचं त्यांना सांगू द्या. सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐका. या इमारतीने त्यांची एक सूचना न भांडता पाळली ती हीच.

पराग दारात उभा राहिला. दहाव्यावरचा तो तोंडावरचा हात, नवव्यावरचं ते पाणी, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून मजल्यामजल्याने खाली आलं. मग त्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "काका, तरी मी सांगतो."

"सांगा ना," हरिश्चंद्रकाका म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावून ते ऐकायला नीट उभे राहिले.